पाण्यावरचा लाल ठिपका

१९ जानेवारी २००१

काल रात्री तीन हाळ्या ऐकल्या. बराबर ऐकल्या. चौथी ऐकली नाही.

संतराम धरणाच्या पाण्यावर ताटल्या मारत माझ्याजवळ आला, माझ्या ट्यूबला हात लावून म्हणाला, "झोपला व्हतास काय रे?" मी म्हणालो, व्हय, डोळा लागला. खोटं बोललो. मी टक्क जागा होतो.

ही वही पोरानं, भीमराजनं, कारखान्यावरून आणून दिली. दोन वर्षांपूर्वीची डायरी, कोरीच राहिली होती. वार जुळत नाहीत, ते खोडतो. चौथीपर्यंत शिकलो, तेवढं अक्षर पुरतं. इथं लिहितो कारण हे घरात बोलता येत नाही. भीमराज पोरगा चांगला आहे, पण एकदा बोलला ते बोलला – "आबा, ज्या दिवशी मला कळंल तुमाला नीट दिसत-ऐकत न्हाई, त्या दिवशी ट्यूब विळ्यानं फाडीन."

धरणावर रात्री एकट्यानं उतरायचं नाही, हा आमचा नेम. संतरामचा धाकटा भाऊ खेमा एकटा गेला होता. ट्यूब सकाळी काठाला लागली, खेमा तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून मी आणि संतराम जोडीनंच जातो. ट्रकच्या दोन ट्यूबा. मधल्या भोकात पोत्याची बैठक शिवलेली, पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात, दोन हातांत जर्मनच्या दोन ताटल्या – त्यांनीच पाणी मारत जायचं. पन्नास-साठ हात लांब बसतो. जवळ बसलं की गळाचा तंगूस एकमेकांत गुंततो. बॅटरी लावत नाही, उजेड पडला की मरळ खाली दडते. म्हणून हाळी. संतरामची एक बिडी संपली की तो हलक्या आवाजात म्हणतो, "पुंजाजी वो." मी म्हणायचं, "हाय." बस, एवढंच. हाय म्हणजे जिवंत आहे.

काल त्यानं चार बिड्या ओढल्या. म्हणजे हाळ्या चार. आणि माझे हाय तीनच.

२० जानेवारी

भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, असं मी बायकोला, पद्माबाईला, म्हणालो. ती वर बघून म्हणाली, "काटा तर फिरून राहिला." मी वर पाहिलं. फिरत होता. टिकटिक मात्र नव्हती.

ती चुलीकडं गेल्यावर स्टुलावर चढून कान लावला. डाव्या कानाला काहीच नाही. उजव्याला, लांब कुणी सुपारी कातरावी, तेवढंच. उतरायच्या आत ती परत आली. म्हणाली, "माझा कधी इतका लाड केला न्हाई, घड्याळाला मुके देऊन राहिले."

हसलो. स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं.

२१ जानेवारी

झोप नाही. अडुसष्ट वर्षं झाली, घरात मला कधी धड झोप लागली नाही. पत्र्याखाली पडलं की सगळं आठवतं – काय राहिलं, काय चुकलं, कोण काय बोललं. ट्यूबवर बसलो की पाय गार पडतात आणि डोकं पण गार पडतं. हे कुणाला पटत नाही. पद्माबाई म्हणते, मासळीसाठी जातात. मासळी बाजारात पण मिळते.

पाण्यावर जाणं बंद झालं तर मी रात्रभर करू काय?

२४ जानेवारी

सापडलं!

अमावस्या होती, अंधार कडक. मी संतरामकडं बघत बसलो होतो. बिडीचा लाल ठिपका दिसतो. झुरका घेतला की मोठा होतो, मग बारीक. मग एकदम खाली जातो आणि विझतो – बिडी पाण्यात टाकली. त्यानंतर हाळी. म्हणजे ठिपका खाली गेला की वीस आकडे मोजायचे आणि म्हणायचं, हाय.

पाच बिड्या. पाच हाय. एकही चुकला नाही.

आम्ही जुन्या गावाच्या विहिरीवर बसलो होतो. गाव धरणात गेलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. अजून कुठं काय आहे ते पायाला कळतं. काठावरचा काळा खडक आणि औंढ्याकडचा उजेड एका रेषेत आले की खाली आमची विहीर. तिच्या कडेला मरळ राहते. गळाला बेडकी लावून सोडली होती. तीन किलोची लागली. उजाडल्यावर काठावर संतरामनं उचलून बघितली. म्हणाला, "तुझ्या विहिरीतली हाय. हिच्या सातबाऱ्यावर पण तुझंच नाव असंल."

त्याचं हसणं दिसलं. ऐकू आलं की नाही, सांगता येत नाही.

३० जानेवारी

म्हटलं, डोळ्यांवर सगळं सोडायचं कशाला. संतरामला म्हणालो, दोन ट्यूबांना एक दोरी बांधू. तकलीफ झाली की ओढायची. तो म्हणाला, "आपण काय बैलजोडी हाव काय पुंजाजी? गळ कुणीकडं टाकायचा मंग?" बरोबर आहे. मी पुन्हा विषय काढला नाही. जास्त बोललो तर संशय यायचा.

८ फेब्रुवारी

पौर्णिमा. पाण्यावर जात नाही. घरात येरझाऱ्या. टीव्हीचा आवाज मोठा केला म्हणून भीमराज उठून बसला. मी म्हणालो, चुकून हात लागला.

११ फेब्रुवारी

वसमतला जाऊन कानात टाकायचं औषध आणलं. डॉक्टरनं बॅटरीनं आत बघितलं, मग कागदावर लिहून दाखवलं – वय. एवढंच लिहिलं. औषध तरी दिलं, मी मागितलं म्हणून.

पद्माबाईला सांगितलं, मळ झाला होता.

१९ फेब्रुवारी

वाईट रात्र गेली. संतरामकडं बिडीच नव्हती! उतरतानाच म्हणाला, "रूपीनं कट्टा चुलीत घातला. खोकला झालाय ना. घरात नुसती बोंब हाय." रूपाबाई त्याची बायको, तांड्यावर तिच्यापुढं कुणाचं चालत नाही.

ठिपका नाही तर मी मोजू कशावरून? अंदाजानं हाय म्हणत राहिलो. एकदा लवकर म्हणालो असेन, एकदा उशिरा. आणि संतरामचं काय चाललं होतं देव जाणे, लांब जाईच ना. सारखा जवळ जवळ येऊन बसत होता. तंगूस दोनदा गुंतला. मी चिडलो. म्हणालो, "एवढं धरण पडलंय, माझ्या मांडीवरच बसायचंय का?" तो काही बोलला असेल. तोंड दिसत नव्हतं.

मासा एक नाही.

२२ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र. औंढ्याला यात्रा. आम्ही दर्शनाला जात नाही, पद्माबाईला तवा घ्यायचा होता म्हणून गेलो. ती भांड्यांच्या दुकानात घासाघीस करत होती तोवर मी बिडीचे चार कट्टे घेतले. दोन काडीपेट्या. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून धोतराच्या कमरेला खोचलं.

मी आयुष्यात बिडी ओढली नाही. दुकानदाराला पण लाज वाटल्यासारखं बोललो, पाहुण्याला पाहिजेत.

२३ फेब्रुवारी

पिशवी संतरामच्या हातात दिली. म्हणालो, यात्रेतून आणली, पाण्यावर ठेव, घरी नेऊ नको.

तो पिशवीकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. काठावर अजून उजेड होता, म्हणून त्याचं तोंड बराबर दिसलं. म्हणाला, "तू तर मला बिडी सोड म्हणायचास. आता काहून?"

म्हणालो, थंडी आहे.

"बरं," तो म्हणाला. "तू म्हणतोस तर."

रात्रभर ठिपका दिसत होता. सहा बिड्या, सहा हाय. आनंद व्हायला पाहिजे होता.

२६ फेब्रुवारी

एक गोष्ट लिहायची राहिली. ठिपका हलतो. पूर्वी हलत नव्हता. झुरका घेतला की मोठा होतो आणि मग थरथर, वर-खाली, वर-खाली. खोकत असणार. मला खोकला ऐकू येत नाही, नुसता दिसतो.

१० मार्च

काल होळी. दरवर्षी तांड्यावरचा नगारा रात्रभर इथवर ऐकू येतो, त्यांचं नाचणं-गाणं चालतं. मी पद्माबाईला म्हणालो, यंदा तांड्यानं नगारा वाजवलाच नाही, कुणी वारलं काय? ती माझ्याकडं अशी बघायला लागली! म्हणाली, "पहाटेपर्यंत वाजत व्हता. माझं डोकं उठलं."

मग म्हणाली, "भीमराजला सांगू का?"

मी म्हणालो, मी गाढ झोपलो होतो.

ती म्हणाली, "तुमी? गाढ?"

पण सांगितलं नाही तिनं. आजपर्यंत तरी.

१८ मार्च

ठरवलं होतं, आज संतरामला सांगायचंच. बिडी बंद कर, माझे कान गेलेत, चल दोघं घरी बसू. काठावर ट्यूबा उतरवल्या. तो ट्यूबच्या नळीला चिंधी गुंडाळत होता, पायाला घासू नये म्हणून. मी तोंड उघडलं. त्यानं वर बघितलं, म्हणाला, "पाणी किती बसलंय बघ. जुन्या गावातल्या झाडांचे शेंडे वर येतील आता. सांभाळून." मी म्हणालो, व्हय.

सांगितलं नाही. मग रात्रभर ठिपका बघत बसलो. खूप हलत होता.

मी वाईट माणूस आहे की नुसता भित्रा आहे, हे मला अजून कळलं नाही.

२४ मार्च

लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

काल तिसऱ्यांदा ठिपका खाली गेला. वीस मोजले. हाय म्हणालो. मग नवी बिडी पेटायची वाट बघत बसलो. काडी ओढली की त्याचं नाक आणि मिशा जरा वेळ दिसतात. त्या दिसल्या नाहीत. म्हटलं, दमानं घेतोय. शंभर मोजले. पुन्हा शंभर. उगाच एकदा हाय म्हणालो. कुणाला म्हणालो? पाण्याला.

मग खेमा आठवला.

तंगूस तिथंच सोडला आणि ताटल्या मारत निघालो. त्याचं नाव घेऊन ओरडत होतो. ओरडता ओरडता कळलं – त्यानं ओ दिली तरी मला ऐकू येणार नाही. मग ओरडायचं थांबलो आणि नुसता हातानं अंधार चाचपत गेलो.

जुन्या गावाच्या चिंचेचा वाळका शेंडा पाण्यावर वीतभर आलेला आहे. त्यात त्याची ट्यूब अडकली होती. संतराम पुढं वाकला होता, हनुवटी रबरावर टेकलेली, तोंड उघडं. पाठीवर हात ठेवला. पाठ भात्यासारखी वर-खाली होत होती, पण श्वास पुरत नव्हता. डोक्याचं उपरणं सोडलं, एक टोक त्याच्या ट्यूबला, एक माझ्या पायाला. काठ किती लांब होता आणि किती वेळ लागला, काही सांगता येत नाही. एक ताटली हातातून गेली. मग एका ताटलीनं आणि एका हातानं.

काठावर ओढून घेतला तेव्हा त्यानं माझी बंडी धरली. तोंड माझ्याजवळ आणलं आणि काहीतरी बोलला. अंधार होता. ओठ दिसत नव्हते. डाव्या कानाकडं बोलला.

मी म्हणालो, "व्हय, व्हय."

मग तांड्यावर पळत गेलो. लोक आले, जीप आली, पहाटे त्याला नांदेडला नेलं.

२५ मार्च

काय बोलला असेल?

२६ मार्च

हेच बोलला असणार – हाळी दिली होती. दहादा दिली. तू हाय म्हणालास आणि बसून राहिलास.

माणूस मरायला टेकलाय, मदत मागतोय, आणि पलीकडून उत्तर येतं – हाय. त्याला काय वाटलं असेल? खेमाला निदान उत्तर देणारं कुणी नव्हतं.

आणि मी वर काय म्हणालो? व्हय, व्हय!

२८ मार्च

ट्यूबच्या नळीतली पिन काढली. हवा जायला बराच वेळ लागला. फुसफुस आवाज होत असेल. मी हात ठेवून बसलो होतो, वारा लागत होता.

भीमराज कामावरून आला, आढ्याला टांगलेली ट्यूब बघितली, म्हणाला, "आबा, बरं केलं." काहून केलं ते विचारलं नाही.

३ एप्रिल

रात्री चारदा उठलो. अंगणात गेलो, आलो. पद्माबाई म्हणाली, "कोंडलेल्या बैलासारखे फिरून राहिले. बसा एका जागी." बसलो. पुन्हा उठलो.

७ एप्रिल

रूपाबाई नांदेडहून आली. संतरामला घेऊनच आली. मी त्याच्या दारापर्यंत गेलो, तो झोपला होता. तीच बाहेर आली. माझ्या तोंडाकडं बघून मोठ्यानं बोलत होती, रागात होती म्हणून सगळं कळलं.

"पुंजाजीभाऊ, डॉक्टरनं त्यांना पोळ्यालाच बिडी सोडाय लावली व्हती. घरी सोडली बी! पोळ्यापासून घरात एक काडी लावली न्हाई त्यांनी. पाण्यावर गेले की मातर वढायचे. कट्टा चुलीत घातला तरी कुठून आणला कुणाला ठाऊक. पाण्यावर कुणाला दाखवत व्हते ते बिडी, सांगा तुमी."

मी मान खाली घातली. कुठून आणला ते मला ठाऊक होतं.

पण मग हे काय? घरी एक नाही आणि पाण्यावर सहा? ज्याला तलफ येते त्याला घरी पण येते.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत पुढं चाललो. ढोल छातीत वाजत होते, कानात नाही. लोकांना वाटलं, मी आनंदानं रडतोय.

१६ एप्रिल

तांड्याच्या वाटेनं अर्ध्यावर गेलो. परत आलो. उद्या.

१७ एप्रिल

सांगितलं.

दुपारी गेलो, मुद्दाम उजेडात. संतराम लिंबाखाली बाजेवर बसला होता. निम्मा झालाय. मी त्याच्या समोर बसलो, उजवा कान पुढं केला आणि एका दमात बोललो – माझे कान गेलेत, मी तुझ्या बिडीवर हाय म्हणत होतो, तुला बिड्या मीच आणून दिल्या, त्या रात्री तू हाळी दिलीस ती मी ऐकली नाही, आणि काठावर बोललास ते पण नाही.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "काठावर व्हय? म्हणलो, काडीपेटी पाण्यात पडली."

मला वाटलं चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. त्यानं माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं, उजव्या कानाला तोंड लावलं आणि सावकाश, मोठ्यानं बोलला. "काडीपेटी पडली. म्हणून ठिपका दाखवता आला न्हाई तुला. दम लागला व्हता, दुसरी हुडकेपर्यंत झाडात अडकलो."

मी म्हणालो, तुला ठाऊक होतं?

"तू काय लपवून राहिला व्हतास? तुझ्या तोंडावर सगळं दिसते."

मग बोलला का नाहीस?

"बोललो असतो तर तू घरी बसला असतास. मंग मी कुणाबरोबर जाऊ? एकटा?"

रूपाबाई दारातून ऐकत होती. ती आत निघून गेली. भांडं आपटलं असेल, कारण संतराम दचकला. बऱ्याच वेळानं तिनं चहा आणला, आणि देवापुढचा उदबत्तीचा पुडा माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "ह्येचा पण ठिपका दिसते. आमचे ह्ये काठावर बसतील, चिखलात लावतील. पण बिडी दिसली तर दोघांला बुडवीन."

संतराम म्हणाला, "ऐकू आलं का? का पुन्हा सांगाय लावू तिला?"

रात्री भीमराजला पण सांगितलं. सगळं. तो ताटावरून उठून गेला. नंतर बघितलं तर बॅटरी घेऊन ओसरीवर काहीतरी शोधत होता. मी विचारलं, काय पाहिजे?

"पिन," तो म्हणाला. "ट्यूबची."

१८ एप्रिल

एक लिहायचं राहिलं. निघताना संतरामला विचारलं, त्या रात्री एकूण हाळ्या किती दिल्यास?

तो म्हणाला, "एक बी न्हाई. दसऱ्यापासूनच देत न्हाई. तुला ऐकूच येत नव्हती, उगा मासा काहून भेववायचा?"

आत्ता वही उलटून पहिलं पान काढलं. दसऱ्यानंतर तीन महिन्यांचं. तीन हाळ्या ऐकल्या, बराबर ऐकल्या – माझंच अक्षर आहे.